परसातले सीताफळ: विश्रांती, छाटणी आणि फळधारणा

सांगली-साताऱ्याकडे दारात सीताफळाचे झाड असणे ही नवलाईची गोष्ट नाही. बहुतेकदा ते कोणी मुद्दाम लावलेलेही नसते. खाऊन टाकलेली बी न्हाणीघराच्या सांडपाण्यावर रुजते, चार-पाच वर्षांत झाड कुंपणाच्या वर जाते आणि मग दर वर्षी तीच तक्रार ऐकू येते: झाड हिरवेगार आहे, फुलेही पुष्कळ लागतात, पण फळे बोटांवर मोजण्याइतकी आणि तीही वाकडीतिकडी. या तक्रारीचे मूळ खतात किंवा रोगात क्वचितच असते. डोंगरउतारावर वाढणाऱ्या सीताफळाला उन्हाळ्याआधी पाण्याअभावी विश्रांती घ्यावीच लागते. घराजवळच्या झाडाला बारमाही पाणी मिळत असल्याने ती मिळत नाही. शिवाय या झाडाच्या फुलाची रचनाच अशी आहे की, मदतीशिवाय त्याची फळधारणा अपुरी राहते. लागवडीपासून काढणीपर्यंतची सर्व कामे पुढे दिली आहेत, मात्र भर विश्रांती आणि परागीभवन या दोन गोष्टींवर आहे, कारण घरच्या झाडाचे नशीब तिथेच ठरते.

सीताफळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिका आणि वेस्ट इंडीज बेटांकडचे असून ते पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आले असे मानले जाते. रामफळ, हनुमानफळ आणि लक्ष्मणफळ ही त्याची सख्खी भावंडे. झाड साधारण चार ते पाच मीटर उंच होते, मुळे फार खोल जात नाहीत आणि छाटणी केल्यास ते माणसाच्या हाताच्या टप्प्यात ठेवता येते. त्यामुळे एक-दीड गुंठ्याच्या प्लॉटवरील बंगल्याच्या आवारात आंबा किंवा फणस लावण्यापेक्षा सीताफळ लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शेळ्या-मेंढ्या याची पाने सहसा खात नाहीत, हाही कुंपण नसलेल्या जागेत मोठाच फायदा आहे.

जागा आणि माती

माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांतील हलक्या, मुरमाड जमिनीत सीताफळ कोणी लक्ष न देताही वाढते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी किंवा साताऱ्याच्या उपनगरांत जिथे फूटभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे झाड लावणाऱ्याला मातीची फारशी चिंता करावी लागत नाही. अडचण आहे ती सांगली, मिरज, इस्लामपूर या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातील काळ्या, भारी मातीची. ही माती उसाला चांगली, परंतु सीताफळाची मुळे तिच्यात पावसाळाभर ओलीत राहतात. मुळांशी आठवडाभर पाणी साचले की पाने पिवळी पडून गळू लागतात आणि पुढे खोडाच्या बुडाशी कूज सुरू होते. या झाडाला पाण्याचा ताण सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही.

म्हणून काळ्या मातीत खड्ड्यापेक्षा उंचवट्याचा विचार आधी करावा. जमिनीच्या पातळीपासून दीड ते दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद असा मातीचा ढीग करून, त्यात निम्मी घरची माती, पाव हिस्सा मुरूम किंवा जाड वाळू आणि पाव हिस्सा चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि झाड त्या ढिगाच्या माथ्यावर लावावे. बांधकामाचा राडारोडा भरावासाठी वापरू नये. त्यातील चुना आणि सिमेंटमुळे माती चुनखडीयुक्त होते आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून बाकी पान पिवळे पडते. हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे असते आणि एकदा लागले की दर वर्षी त्रास देते. माती भारी आहे की नाही हे समजण्यासाठी फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी शिल्लक असेल तर उंचवटाच करावा. सांगलीच्या गावभागासारख्या, २०१९ च्या महापुरात दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलेल्या वस्तीत मात्र जमिनीत झाड लावण्याऐवजी गच्चीवर पिंपात लावणे बरे.

झाडाला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. भिंतीपासून आठ फूट अंतर ठेवावे. याहून जवळ लावल्यास भिंतीकडच्या फांद्या उघड्या पडतात आणि फळ एकाच बाजूला लागते. दक्षिण किंवा पश्चिम भिंतीलगतचा सिमेंटचा पट्टा एप्रिल-मेमध्ये इतका तापतो की जवळची फुले गळून जातात, म्हणून पूर्वेची बाजू मिळाल्यास तीच निवडावी.

बी की कलम

बीपासून वाढवलेल्या झाडाला फळ येण्यास चार-पाच वर्षे लागतात आणि ते आईसारखे निघेल याची खात्री नसते. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ लागते. घरी एकच झाड लावायचे असताना पाच वर्षे वाट पाहून शेवटी खडबडीत आणि बियांनी भरलेले फळ हाती येणे कोणालाही परवडणारे नाही, त्यामुळे कलमच घ्यावे.

जातींपैकी बाळानगर ही तेलंगणातील त्याच नावाच्या गावावरून ओळखली जाणारी जुनी, खात्रीची जात आहे. फळ मोठे, गर भरपूर आणि गोडी चांगली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुरंदर तालुक्यातील जाधववाडीच्या संशोधन केंद्रातून फुले पुरंदर आणि फुले जानकी या जाती दिल्या आहेत आणि पश्चिम महाराष्ट्राच्या हवामानात त्या उत्तम येतात. मराठवाड्यात अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राची धारूर-६ प्रसिद्ध आहे. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथे एका शेतकऱ्याने निवडलेली एनएमके-१ म्हणजेच गोल्डन ही जात सध्या रोपवाटिकांत सर्वांत अधिक मागितली जाते. तिची फळे उशिरा तयार होतात आणि झाडावर सहसा तडकत नाहीत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का सहान ही संकरित जात अत्यंत गोड आणि कमी बियांची असली तरी तिला साध्या सीताफळाचे परागकण हाताने लावावे लागतात. एकच झाड लावणार असाल तर फुले पुरंदर किंवा बाळानगर घ्यावे. दोन झाडांची जागा असेल तर दुसरे गोल्डन घ्यावे, म्हणजे फळांचा हंगाम लांबतो.

रोपवाटिकेत कलम घेताना त्याच्या उंचीला भुलू नये. जोड नीट भरलेला आहे का, जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी काढली आहे की अजून खोडाला आवळत आहे, जोडाखालून खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाचे, फुटवे आले आहेत का आणि पिशवीच्या तळातून मूळ बाहेर येऊन वेटोळे झाले आहे का, हे चार प्रश्न स्वतः पाहून सोडवावेत. अनेकदा कलमाचा डोळा मेलेला असतो आणि खालून फुटलेल्या जंगली खुंटालाच कलम म्हणून विकले जाते. शासनमान्य रोपवाटिकेतून पावतीसह घेतलेले कलम थोडे महाग पडले तरी हा धोका टळतो.

लागवड

मुरमाड किंवा मध्यम जमिनीत मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. भरताना वरच्या थराची माती, १५ ते २० किलो शेणखत, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड यांचे मिश्रण वापरावे. शेणखत कच्चे असल्यास हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, होते, म्हणून ते काळे, भुसभुशीत आणि वास नसलेलेच असावे. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी, संध्याकाळच्या वेळी कलम लावावे. जोड जमिनीपासून वीतभर वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेल्यास जोडाच्या वरच्या भागाला मुळे फुटतात किंवा तिथे कूज लागते. काठीचा आधार द्यावा आणि दोरी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधावी.

पहिली दोन वर्षे झाडाकडून फळाची अपेक्षा ठेवू नये. आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात. या काळात एकच काम महत्त्वाचे आहे आणि ते म्हणजे वळण. खोड दीड ते दोन फुटांपर्यंत एकेरी ठेवून त्यावरचा शेंडा खुडावा आणि वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या तीन किंवा चार फांद्या राखाव्यात. जोडाखाली येणारा प्रत्येक फुटवा दिसताक्षणी हाताने मोडावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. मात्र तो खोडाला चिकटू देऊ नये.

गच्चीवर लावायचे असल्यास दोनशे लिटरच्या पिंपाचे अर्धे करून, तळाला भरपूर भोके पाडून त्यात लावावे. लहान कुंडीत सीताफळ जगते, पण फळत नाही. पिंपातील झाडाला खत थोडे आणि वारंवार लागते आणि दर दोन-तीन वर्षांनी कडेची मुळे छाटून माती बदलावी लागते.

विश्रांती आणि छाटणी

घरच्या झाडाबाबत सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते या कामाकडे. सीताफळ हे पानगळीचे झाड आहे. दिवाळीनंतर फळे संपली की त्याला थंडी आणि कोरडेपणा मिळायला हवा. पाने पिवळी पडून गळावीत आणि झाड दोन-अडीच महिने निवांत उभे राहावे, हा त्याचा नैसर्गिक क्रम. परंतु परसात रोज बादलीभर पाणी मिळते, बाजूच्या लॉनला किंवा तुळशीला घातलेले पाणी मुळांपर्यंत जाते आणि झाड अर्धवट हिरवे राहते. अशा झाडावर जुनी, निबर, किडींनी भरलेली पाने तशीच टिकतात, नवी फूट तुरळक येते आणि फुले मिळेल तेव्हा, मिळेल तिथे लागतात.

त्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीपासून पाणी हळूहळू कमी करावे आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोठ्या झाडाचे पाणी पूर्ण तोडावे. मुरमाड जमिनीत इतका ताण पुरतो. काळ्या मातीत ओल लवकर हटत नाही, म्हणून तिथे पाणी नोव्हेंबरच्या अखेरीसच थांबवावे. न्हाणीघराचे सांडपाणी झाडाकडे जात असेल तर या तीन महिन्यांत ते दुसरीकडे वळवावे. झाड उघडेबोडके दिसू लागले की घरातील वडीलधाऱ्यांना ते वाळले असे वाटते आणि कोणीतरी दयेपोटी पाणी घालते. फांदीची साल नखाने किंचित खरवडून आत हिरवी कड दाखवावी, म्हणजे त्यांची खात्री पटते.

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटणी करावी. आपल्या भागात द्राक्षबागांमुळे छाटणीचे महत्त्व कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ इथला माणूस एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्याच हिशेबावर वर्ष मोजतो. सीताफळाचेही फळ प्रामुख्याने नव्या फुटीवर येते, त्यामुळे नवी फूट जितकी जोमदार आणि एकाच वेळी निघेल तितकी फळधारणा चांगली. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या दिशेने वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. गेल्या वर्षीच्या काडीचा शेंडा तिसरा हिस्सा किंवा अर्धा छाटावा. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या ठेवण्यात अर्थ नसतो. त्यांवर लागलेले फळ वजन पेलत नाही. झाडाचा मधला भाग मोकळा राहून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावी आणि अंगठ्याहून जाड फांदीच्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवून दोन्ही एकत्र ओतले की लिटरभर पेस्ट तयार होते. लोखंडी भांडे वापरू नये, आणि पेस्ट त्याच दिवशी संपवावी.

छाटणीनंतर झाडावर जी पाने उरतील ती हाताने काढून टाकावीत. यामागचे कारण झाडाजवळ उभे राहून पाहण्यासारखे आहे. सीताफळाच्या पानाच्या बेचक्यात इतर झाडांसारखा डोळा दिसत नाही. पान देठासह हळूच मागे ओढून तोडले तर देठाचे फुगीर बूड आतून पोकळ असल्याचे दिसते आणि त्या पोकळीत झाकलेला, बारीक लव असलेला डोळा उघडा पडतो. म्हणजे जुने पान जोवर काडीवर आहे, तोवर त्याच्या देठाखालचा डोळा कोंडलेला राहतो. पानगळ नीट न झालेल्या झाडाला फूट का कमी येते, याचे उत्तर एवढ्या लहानशा जागेत दडलेले आहे. पाने काढून पहिले पाणी दिले की साधारण दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटू लागतात.

पहिले पाणी आणि खत

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी खत घालून भरपूर पाणी द्यावे. पाच वर्षांवरील झाडाला दर वर्षी शेणखत २० किलो आणि त्याबरोबर २५० ग्रॅम नत्र, १२५ ग्रॅम स्फुरद व १२५ ग्रॅम पालाश लागते. दुकानात मिळणाऱ्या खतांच्या भाषेत सांगायचे तर युरिया साधारण ५४० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ७८० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश २१० ग्रॅम. युरियाचे दोन भाग करून अर्धा या वेळी आणि अर्धा फळे सुपारीएवढी झाल्यावर द्यावा. झाड लहान असेल तर वयाच्या प्रमाणात खत कमी करावे, म्हणजे दुसऱ्या वर्षी पाचातले दोन भाग, तिसऱ्या वर्षी तीन. रासायनिक खत वापरायचे नसेल तर शेणखत दुप्पट करून दोन किलो निंबोळी पेंड आणि मूठभर राख घालावी. फळे थोडी लहान येतील, पण घरच्या गरजेला पुरतील. खत नेहमी फांद्यांच्या घेराखाली गोल चर काढून द्यावे, खोडाशी नाही. साताऱ्याजवळ बोरगाव येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. माती तपासून घ्यायची असल्यास अशा केंद्रात चौकशी करावी.

एप्रिलपासून दर आठ-दहा दिवसांनी पाणी पुरते. या महिन्यात पाणी वाढवून फुलांची घाई करण्यात लाभ नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या, तापलेल्या हवेत उमललेली बहुतेक फुले गळतात, कारण कुक्षीवरचा, म्हणजे फुलातील पराग घेणाऱ्या टोकावरचा, ओलसर चिकटपणा उन्हाने लगेच आटतो आणि परागकण रुजत नाहीत. वळवाचा एखादा चांगला पाऊस होऊन हवेत दमटपणा आला की फुले टिकू लागतात. म्हणून मेमधील गळ पाहून टॉनिकच्या बाटल्या आणू नयेत. संध्याकाळी झाडाखालचे आच्छादन भिजवले तर झाडाभोवतीची हवा थोडी दमट राहते, तेवढे पुरे.

फुलाला हात लावणे

सीताफळाचे फूल पाहून ते फूल आहे हे पहिल्यांदा लक्षातच येत नाही. पोपटी रंगाच्या तीन जाड, मांसल पाकळ्या खाली तोंड करून लोंबत असतात आणि आत मध्यभागी स्त्रीकेसरांचा बारीक शंकू असतो, त्याच्याभोवती पुंकेसरांचा दाट गराडा. एकाच फुलात दोन्ही अवयव असूनही ते एका वेळी कामाचे नसतात. पाकळ्या किंचित विलग झाल्या असताना शंकूचे टोक ओलसर आणि चकाकते असते. त्या वेळी ते फूल मादी असते. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात, शंकू सुकतो आणि पुंकेसर सैल होऊन परागकण सोडू लागतात. त्या वेळी तेच फूल नर झालेले असते. त्यामुळे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग सहसा होत नाही. हे काम फुलात शिरणारे अगदी बारीक भुंगेरे करतात. मधमाश्या या फुलाकडे फारशा फिरकत नाहीत. परसातल्या एकट्या झाडावर हे भुंगेरे पुरेसे येतीलच असे नाही, आणि आले तरी शंकूच्या एका बाजूलाच पराग लागतो.

फळ वाकडे का होते याचे उत्तरही यातच आहे. सीताफळ हे एक फळ नसून शंकूतील अनेक स्त्रीकेसरांपासून बनलेल्या फळांचा जोडलेला घोस आहे. सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक स्त्रीकेसर. ज्या बाजूच्या स्त्रीकेसरांना पराग मिळाले नाहीत ती बाजू भरत नाही आणि फळ तिकडे आत ओढले जाते. वाकडे फळ कापून पाहावे, दबलेल्या बाजूला बिया नसतातच.

हाताने परागीभवन करण्यासाठी चित्रकलेचा मऊ, बारीक ब्रश आणि एक लहान स्वच्छ, कोरडी डबी एवढेच साहित्य लागते. जूनच्या पहिल्या पावसानंतर, पाऊस नसलेल्या सकाळी, ऊन चढण्याच्या आत हे काम करावे. आधी पूर्ण उमललेली, पुंकेसर सैल होऊन किंचित मळकट झालेली फुले शोधावीत आणि ती डबीवर धरून बोटाने टिचकी मारावी. पिवळसर पांढुरकी भुकटी आणि तिच्याबरोबर काही केसर खाली पडतात. केसर वेचून टाकण्याची गरज नाही. मग पाकळ्या नुकत्याच विलग होत असलेली फुले निवडावीत. डाव्या हाताच्या दोन बोटांनी पाकळ्या अलगद फाकवाव्यात, त्यांतील एक मोडली तरी चालते, आणि ब्रशचे टोक परागात बुडवून शंकूवर सर्व बाजूंनी गोल फिरवावे. एकाच बाजूला टेकवून सोडले तर भुंगेऱ्याने केलेल्या कामापेक्षा वेगळे काही होणार नाही. गोळा केलेले पराग त्याच सकाळी वापरावेत, कारण ते दुसऱ्या दिवसापर्यंत जोमदार राहत नाहीत.

सर्वच फुलांना हात लावू नये. जाड फांदीच्या जवळची, पानांच्या सावलीत असलेली आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावरची फुले निवडावीत. त्यांच्या देठाला रंगीत दोरा बांधला तर पुढे काय झाले ते नेमके कळते. चार-पाच दिवसांत पाकळ्या गळतात. फळ धरले असेल तर मागे हिरवा, टणक, वाटाण्याहून लहान गोळा राहतो, नसेल तर देठच पिवळा पडून गळतो. माझ्या झाडावर दोऱ्याची फुले आणि शेजारच्या फांदीवरची न हाताळलेली फुले यांतील फरक पहिल्याच आठवड्यात दिसला आणि काढणीच्या वेळी दोऱ्याच्या फळांचा गोल आकार पाहून शेजारपाजारचे लोक जात विचारू लागले. घरात शाळकरी मुले असतील तर हे काम त्यांच्याकडून करून घ्यावे; फूल कसे काम करते हे पुस्तकापेक्षा इथे लवकर समजते.

पावसाळ्यातील सांभाळ

फळ धरल्यापासून तयार होईपर्यंत साधारण चार महिने लागतात. या काळात पाऊस नियमित असेल तर वेगळे पाणी लागत नाही, परंतु जत-आटपाडीकडे ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप नेहमीची आहे. त्या उघडिपीत दर आठवड्याला पाणी द्यावे. झाड कोरडे पडून नंतर एकाएकी जोराचा पाऊस झाल्यास आतला गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि फळे तडकतात. उलट साताऱ्याच्या पश्चिमेला, जिथे पाऊस भरपूर आणि हवा सतत ओली असते, तिथे पाण्यापेक्षा करपा आणि फळकूज यांची काळजी अधिक घ्यावी लागते. फांद्या विरळ ठेवणे हा त्यावरचा पहिला उपाय.

पिठ्या ढेकूण हा सीताफळाचा खरा शत्रू. डोळ्यांच्या मधल्या खाचांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसू लागला की तो आला असे समजावे. तो सोडत असलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात आणि त्याला फांदीवरून फांदीवर नेतात. त्यानंतर त्या द्रवावर काळी बुरशी वाढून फळ काजळल्यासारखे दिसते. म्हणून मुंग्या खोडावर चढताना दिसल्या की तोच इशारा मानावा. जमिनीपासून फूट-दीड फुटावर खोडाला वीतभर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा थर द्यावा. जमिनीला किंवा कुंपणाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंग्या तिथून वाट काढतात. सुरुवातीचे पुंजके जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावेत. प्रमाण वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, त्यात थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे. क्रिप्टोलेमस नावाचा मित्रकीटक पिठ्या ढेकूण फस्त करतो. त्याची अळीही पांढरी, केसाळ आणि ढेकणासारखीच दिसते, पण आकाराने मोठी असते आणि चपळपणे चालते. तिला चिरडू नये. घराजवळ आणि खाण्याच्या फळावर तीव्र कीटकनाशके मारण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि एखाद्या झाडासाठी त्यांची गरजही पडत नाही.

फळमाशीसाठी पिकण्याच्या महिनाभर आधी एक गंधसापळा टांगावा. पक्षी, खारी आणि वटवाघळे यांच्यापासून बचाव म्हणून फळे लिंबाहून मोठी झाली की त्यांना जुन्या पातळ सुती कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून फळ कुजते.

काढणी

फळाचा हिरवा रंग फिकट होतो, डोळे फुगून एकमेकांपासून दूर होतात आणि त्यांच्यामधल्या खाचा पिवळसर पांढऱ्या दिसू लागतात, त्या वेळी फळ तयार झाले असे समजावे. आपल्याकडे ही वेळ दसऱ्याच्या सुमारास येते आणि उशिराच्या जातींत दिवाळीनंतरपर्यंत लांबते. डोळे आवळलेले असताना काढलेले फळ नरम पडते, पण गोड होत नाही; झाडावर पूर्ण पिकू दिलेले फळ पक्ष्यांच्या वाट्याला जाते. थोडा देठ ठेवून कात्रीने कापावे. पिळून ओढल्यास देठाजवळ जखम होऊन तिथून बुरशी शिरते. कापलेली फळे पेंढ्यावर एका थरात ठेवली की दोन ते पाच दिवसांत पिकतात. कच्चे फळ फ्रीजमध्ये ठेवू नये. थंडीने साल काळी पडते आणि नंतर ते पिकत नाही. पिकलेले फळ एखाद-दुसरा दिवस ठेवण्यास हरकत नाही.

गर काढताना तो बियांसह मिक्सरमध्ये फिरवू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात. त्यांचे चूर्ण डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते, म्हणून उवांसाठी बियांची पूड केसांना लावण्याचा जुना घरगुती उपाय मुलांवर मुळीच करू नये. गर चाळणीवर घासून बिया वेगळ्या कराव्यात. बासुंदी किंवा रबडीत घालायचा असल्यास ती पूर्ण थंड झाल्यावरच घालावा, कारण तापवलेला गर कडवट होतो. जास्तीचा गर हवाबंद डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला तर काही महिने चांगला राहतो.

शेवटची फळे उतरवल्यानंतर झाडावर काही लहान, तपकिरी-काळी, दगडासारखी कडक फळे तशीच चिकटलेली दिसतात. ती आपोआप गळत नाहीत आणि रोग-किडींना पुढच्या हंगामापर्यंत आसरा देतात. पाणी तोडण्यापूर्वी ती एकेक करून काढावीत, खाली पडलेल्या कुजक्या फळांसह जाळून टाकावीत, खोडावरची ग्रीसची पट्टी सोडून खाली साल ओली राहिली आहे का ते पाहावे आणि बुंध्याला दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्टचा हात द्यावा.